शीर सापडत नाही तेव्हा

पावसाळ्याच्या दिवसांत हगवणीने बेजार झालेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले जाते. डोळे खोल गेलेले, हातपाय गार, मान टाकलेली. सलाईनची बाटली टांगून तयार असते; पण सुई शिरेत जात नाही. दोनदा, तीनदा टोचले जाते आणि बाहेर जमलेल्या मंडळींचा धीर सुटतो. परिचारिकेला काम येत नाही, अशी तक्रार मग पंचायतीच्या सदस्यांपर्यंत पोचते. अशा वेळी रुग्णाच्या शरीरात काय घडत असते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

शरीरातील पाणी घटू लागले की उरलेले रक्त हृदय व मेंदू यांच्यासाठी राखले जाते आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. परिणामी ज्या रुग्णाला सलाईनची निकड सर्वांत अधिक, त्याचीच शीर सापडणे सर्वांत कठीण होऊन बसते. तान्ह्या मुलांच्या शिरा तर मुळातच बारीक आणि चरबीखाली दडलेल्या असतात. वृद्धांच्या शिरा वर दिसतात खऱ्या, परंतु सुई लागताच निसटतात किंवा फुटतात. सिकलसेलचे रुग्ण किंवा कर्करोगावर दीर्घ उपचार घेतलेले रुग्ण यांच्या शिरा वारंवार टोचल्यामुळे कठीण होऊन गेलेल्या असतात.

अशा रुग्णात शीर शोधण्याचे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे अधिक आहे. दिसणारी निळी रेघ पुष्कळदा फसवी असते. बोटाखाली दाबली असता जी रबरासारखी उसळी घेते, ती शीर भरवशाची. ती भरून यावी म्हणून हात हृदयाच्या पातळीखाली लोंबता ठेवतात, मुठीची उघडमीट करावयास सांगतात आणि कोमट पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे गुंडाळून ठेवतात. हा शेवटचा उपाय अत्यंत साधा, पण घाईत हटकून विसरला जाणारा आहे. दंडावरचा रबरी पट्टा एकदोन मिनिटांहून अधिक काळ आवळून ठेवीत नाहीत. त्याच्या जागी रक्तदाब मोजण्याची पट्टी वापरली तर दाब बेताचा ठेवता येतो. तान्ह्या मुलाच्या तळहाताखाली विजेरी धरली तर शिरेची सावली दिसू शकते. मोठ्या रुग्णालयांत हेच काम सोनोग्राफीचे यंत्र करते आणि खोलवरची शीरही पडद्यावर दाखविते.

टोचताना कातडी खाली ताणून शीर स्थिर करतात व सुई तिरपी घालतात. नळीच्या मागच्या टोकाशी रक्त दिसले की सुई किंचित आडवी करून थोडीशी पुढे नेतात आणि मग प्लॅस्टिकची नळी आत सरकवितात. प्रारंभ हाताच्या मागच्या बाजूने करून वर सरकण्याची रीत आहे. कारण वर भोक पाडून मग खाली सलाईन लावले, तर ते वरच्या भोकातून झिरपण्याचा संभव असतो. आत सुई फिरवीत शीर हुडकणे मात्र घातक होय. त्याने शीर फुटून ती जागा वाया जाते.

दोन प्रयत्न फसल्यावर सुई दुसऱ्या अनुभवी हाताकडे द्यावी, असा संकेत आहे. यात कमीपणा कसला? आतल्या घोट्यापुढची शीर, मानेवरची शीर, तान्ह्या मुलाच्या डोक्यावरची शीर, अशा जागा मग पाहिल्या जातात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर तेवढाही वेळ हाती नसतो. त्या वेळी प्रशिक्षित डॉक्टर गुडघ्याखाली नडगीच्या आतल्या सपाट भागात जाड सुई घालून थेट हाडाच्या पोकळीत सलाईन सोडतात. ऐकताना अंगावर काटा येतो, परंतु अस्थिमज्जेतील रक्तवाहिन्या हाडाच्या आधारामुळे आकसत नाहीत आणि औषध काही क्षणांत रक्तात मिसळते. १९२२ साली अमेरिकेत सेसिल ड्रिंकर यांनी या मार्गाचा अभ्यास केला होता. पुढे ही पद्धत मागे पडली. ती पुन्हा रूढ होण्यात भारताचा एक धागा आहे: पटकीच्या साथीत इथे तिचा उपयोग होताना पाहिलेल्या जेम्स ऑर्लोवस्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ मध्ये तिचा जोरदार पुरस्कार केला. शीर मिळताच, बहुधा २४ तासांच्या आत, ही सुई काढून टाकतात.

हाडात सुई घालणारे कोणी जवळ नसेल तर? तरीही मार्ग खुंटत नाही. नाकातून जठरात नळी घालून मीठ-साखरेचे जलसंजीवनी द्रावण देता येते. त्याचे प्रमाण वजनाच्या दर किलोस ताशी २० मिलिलिटर असे आहे. म्हणजे दहा किलोच्या मुलास ताशी २०० मिलिलिटर, सहा तासांपर्यंत. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असेच द्रावण तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण तेथे शेकडा चारच्या खाली आले. तेव्हा शुद्धीवर असलेल्या मुलाला घरातून निघताना आणि वाटेतही चमच्याचमच्याने हे द्रावण पाजीत आणावे. केंद्रात पोचेपर्यंत त्याच्या शिरा तितक्या कमी आटलेल्या असतात. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये.

याउलट, अशक्तपणा वाटतो म्हणून धडधाकट माणसाने ‘एक बाटली लावा’ असा हट्ट धरणे गावोगाव आढळते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तेवढ्यासाठी एक चांगली शीर खर्ची पडते.

डायलिसिसच्या रुग्णांच्या बाबतीत तर हा खर्च परवडणाराच नाही. त्यांच्या एका हातात शस्त्रक्रियेने शीर व धमनी जोडलेली असते आणि त्या हाताला सलाईन लावावयाचे नसते, की रक्तदाबही मोजावयाचा नसतो. रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसल्यास सोबतच्या माणसाने ही गोष्ट, तसेच पूर्वी कोणत्या हाताची शीर चटकन मिळाली होती ते, सुई हाती घेतली जाण्यापूर्वीच परिचारिकेच्या कानावर घालावे.