शाळा पुन्हा पडद्यावर; कोडे मात्र तेच

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ वर पोहोचला आणि सर्वोच्च न्यायालयाने कान टोचल्यावर दहावी-बारावीचे वर्गही ऑनलाइन झाले. आठवडाभराने, २५ नोव्हेंबरला, त्याच न्यायालयाने अनेक मुलांचे मध्यान्ह भोजन बुडते आहे, अनेकांकडे ऑनलाइन शिक्षणाची साधने नाहीत आणि घरात हवा शुद्ध करणारे यंत्र नसेल तर घर व शाळा यांत फरक तो काय, अशी कारणे देत वर्ग पुन्हा भरवण्याचा विचार करण्यास वायु गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला सांगितले. त्यातून दिल्लीसह गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर येथे 'हायब्रिड', म्हणजे मुलाने शाळेत यावे किंवा घरून जोडले जावे, अशी पद्धत लागू झाली. या साऱ्या धावपळीत चर्चा झाली ती साधनांची. साधन हाती असूनही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर बसून शिकावे तरी का, हा प्रश्न मात्र करोनाकाळाप्रमाणेच तेव्हाही कोणी विचारला नाही.

साधनांचा प्रश्न खोटा नव्हता. खासगी शाळांतील दुर्बल घटकांच्या विद्यार्थ्यांना उपकरणे आणि इंटरनेट पुरवावे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला स्थगिती मिळाली, यावरूनच त्याची तीव्रता कळते. तरीही १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभरातील तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातील उत्तरे वेगळीकडे बोट दाखवतात: घरी डिजिटल साधन नाही असे सांगणारी मुले २४ टक्के होती, पण भरमसाट स्वाध्यायांमुळे घरून शिकणे ओझे वाटले असे सांगणारी ७८ टक्के, आणि शाळेत सवंगड्यांच्या मदतीने अधिक चांगले शिकता येते असे म्हणणारी ८० टक्के होती.

हे आकडे समजून घ्यायचे तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगाकडे वळावे लागते. डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना 'सोमा' नावाचे, सात तुकड्यांतून ठरावीक आकार जुळवण्याचे कोडे दिले. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला, दुसऱ्याला काहीच दिले नाही, आणि प्रत्येक सत्रात काही मिनिटे खोलीबाहेर जाऊन, मासिके समोर पडलेली असताना कोण आपणहून कोड्याशी खेळत बसतो हे लपून मोजले. पैसे बंद झाल्यावर, पैसे मिळालेल्या गटाची कोड्यातील गोडी आधीपेक्षा घटलेली दिसली; शाब्दिक कौतुकाचा परिणाम मात्र असा झाला नाही. प्रयोग अगदी लहान होता आणि त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण त्यातूनच डेसी आणि रिचर्ड रायन यांचा आत्मनिर्णय सिद्धान्त उभा राहिला. आंतरिक प्रेरणा, म्हणजे कामातील रसामुळेच काम करण्याची ओढ, तीन गोष्टींवर पोसली जाते असे तो मानतो: निवडीचे स्वातंत्र्य, 'आपल्याला जमते' ही जाणीव आणि भोवतीच्या माणसांशी आपलेपणा.

डेसींचा डॉलर आपल्याकडे बोर्डाच्या गुणांच्या रूपाने वावरतो. १ जून २०२१ रोजी सीबीएसईची बारावीची परीक्षा रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावीच्या गुणांना अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन निकाल लावण्यात आला, ९९.३७ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि पंचाण्णव टक्क्यांच्या वर गेलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे ३८ हजार ७०० वरून ७० हजारांवर गेली. गुण होते, पण ते जिथे कमवायचे ती परीक्षाच उरली नव्हती. अशा वेळी वर्गात टिकून राहावे असे दुसरे काही शाळांनी मुलांना दिले होते का, याचे उत्तर बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकटींनी दिले होते.

दिल्लीच्या सरकारी शाळांनी त्या काळात व्हॉट्सॲपवरून वर्कशीट पाठवल्या आणि फोन नसलेल्या घरांतील पालकांना त्या शाळेतून नेण्याची सोय केली. पोहोचण्याच्या दृष्टीने हे मोठे काम होते, पण वर्कशीटमध्ये निवड नसते, सोबतीही नसते. याउलट त्याच शाळांत सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'बिझनेस ब्लास्टर्स' उपक्रमात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला माणशी दोन हजार रुपये बीजभांडवल मिळाले, आणि काय करायचे हे गटाने ठरवायचे होते. त्याभोवतीची सरकारी जाहिरातबाजी आणि दूरचित्रवाणीवरील झगमगाट वगळला तर येथे पैसा बक्षीस नव्हता, कामाचा कच्चा माल होता, आणि हा भेद डेसींनाही पटला असता. शिक्षणातील सर्जनशीलता रंगीत स्लाइडमध्ये शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

हिवाळा दरवर्षी येणार आणि शाळाही बहुधा बंद होणार, तेव्हा बंदीचे कारण हाच अभ्यासाचा विषय करण्यास कोणाची हरकत असावी? आपल्याकडे हवा गुणवत्ता निर्देशांक हा प्रदूषकांच्या आकड्यांची सरासरी नसून त्यांतील सर्वांत वाईट उपनिर्देशांक असतो, हे नववीच्या मुलालाही पडताळता येते. एका गटाने दिल्लीतील आनंद विहारच्या हवेची, दुसऱ्याने लोधी रोडच्या हवेची नोंद घ्यावी, तापमानाची विपरीतता, म्हणजे वर उबदार आणि खाली थंड हवा अडकण्याची स्थिती, भूगोलातून समजून घ्यावी आणि फरकाचे कारण आपसांत भांडून ठरवावे. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती टॅब असण्याची गरज नाही, चौघांत मिळून एक फोन पुरतो. शिक्षकाने मात्र उत्तर आधीच सांगून टाकू नये.