पाचपट म्हणजे नेमकं किती?

या लेखात थोडा हिशेब आहे आणि थोडी कबुली. कबुली आधी देतो.

२०२४ च्या डिसेंबरात बिटकॉइनचा भाव पहिल्यांदा एक लाख डॉलरच्या वर गेला. त्याच सुमारास आपल्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मी 'उद्याचा पैसा' हा विषय घेतला होता. भाषणातलं एक वाक्य चांगलंच गाजलं. "भारतात फिरणाऱ्या सगळ्या नोटा एकत्र केल्या, तरी बिटकॉइनची किंमत त्यांच्या जवळजवळ पाचपट भरते!" टाळ्या पडल्या. मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवरही टाकला.

माझे मामा उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर होते. नुकतेच निवृत्त झाले होते आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले होते. रविवारी घरी आले आणि म्हणाले, "काय रे, ते पाचपट म्हणालास ते खरंच होय?"

"खरंच की मामा."

"मग एवढं मोठं असलं तर ते बुडतंय कसं?"

मी हसलो आणि विषय तिथंच सोडला. महिन्याभराने कळलं की चहाच्या टपरीवर ओळख झालेल्या एकाच्या सांगण्यावरून मामांनी एका ॲपमध्ये चाळीस हजार भरले होते.

माझा आकडा खोटा नव्हता. पण त्या आकड्यावरून मामांनी जे धरलं, ते त्यात नव्हतंच. असं का, ते आता नीट मांडतो.

आधी हा आकडा येतो कसा ते बघू. बिटकॉइनची संख्या कधीही २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, असा त्याचा नियम आहे. २०२४ च्या शेवटी त्यातली साधारण १ कोटी ९८ लाख नाणी तयार झालेली होती. एकाचा भाव एक लाख डॉलर धरला, तर गुणाकार येतो सुमारे १.९८ लाख कोटी डॉलर. डॉलर ८५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण १६८ लाख कोटी रुपये. आता दुसरी बाजू. ३१ मार्च २०२४ रोजी भारतात चलनात असलेल्या नोटांची किंमत होती सुमारे ३४.७८ लाख कोटी. भागाकार केला की जवळजवळ पाच येतात. झालं माझं वाक्य तयार!

पण नोटा म्हणजे देशातला सगळा पैसा नव्हे. तुमच्या बचत खात्यातली रक्कम, आजोबांची मुदत ठेव, कारखान्याच्या चालू खात्यातली शिल्लक, हा सगळा पैसाच. लोकांकडची रोकड आणि बँकांतल्या ठेवी मिळून रिझर्व्ह बँक जी मोठी बेरीज मांडते, तिला 'एम-३' म्हणतात. ती २०२४ च्या मार्चअखेर २५० लाख कोटींच्या आसपास होती. या आकड्याशी तुलना केली, तर तेच बिटकॉइन पाचपट न राहता दोन तृतीयांशावर येतं. अमेरिकेचा पैसा त्यांच्या 'एम-२' मापाने साधारण २१.५ लाख कोटी डॉलर. त्याच्याशी ताडलं तर अकरावा हिस्सासुद्धा जेमतेम. बिटकॉइन तेच आणि दिवसही तोच. फक्त शेजारी काय ठेवलं ते बदललं. मी स्टेजवर त्यातली सगळ्यात लहान गोष्ट निवडून शेजारी ठेवली होती.

ही झाली पहिली गफलत. दुसरी जास्त खोल आहे आणि ती त्या गुणाकारातच आहे.

समजा, आपल्या गावाबाहेर शंभर प्लॉट आहेत. त्यातला एक परवा पन्नास लाखांना गेला. लगेच कट्ट्यावर चर्चा सुरू, "आता सगळी जागा पन्नास कोटींची झाली बघ!" पण पन्नास कोटी आणले कुणी? बाजारात आले पन्नास लाख, एका प्लॉटसाठी. उरलेले नव्व्याण्णव जण उद्या एकदम विकायला निघाले, तर तो भाव राहील काय? बिटकॉइनची 'एकूण किंमत' अशीच काढतात. शेवटच्या व्यवहाराचा भाव घ्यायचा आणि सगळ्या नाण्यांना लावायचा. पासवर्ड हरवल्यामुळे कायमची अडकलेली नाणीही त्यात मोजली जातात.

म्हणूनच ही किंमत फुगते तशी विरघळतेही. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९ हजार डॉलरजवळ होता, वर्षभराने तो १६ हजारांच्या आसपास आला. एकूण किंमत जवळजवळ एक लाख कोटी डॉलरनं घटली. तेवढे पैसे कुणी पळवून नेले असं नाही. तेवढे पैसे तिथं जमलेलेच नव्हते. कारण मी बिटकॉइन घेतो तेव्हा माझे रुपये बिटकॉइनच्या 'आत' जात नाहीत, ते विकणाऱ्याच्या खात्यात जातात. देशातला पैसा त्यानं वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

'एम-३'ची बेरीज वेगळ्या जातीची आहे. तिथं शंभर रुपये म्हणजे शंभर रुपयेच. शेवटच्या गिऱ्हाइकानं काय भाव दिला हा प्रश्नच येत नाही. एका बाजूला पैसा मोजलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला एका वस्तूची पैशात केलेली किंमत आहे. तुलना करायचीच तर बिटकॉइनची सोन्याशी करा, शेअर्सशी करा. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं एकूण मूल्य एप्रिल २०२४ मध्ये ४०० लाख कोटी रुपयांच्या वर गेलं, म्हणजे देशाच्या सगळ्या 'एम-३'पेक्षा जास्त. म्हणून शेअर्सनी रुपयाला हरवलं असं कुणी म्हणालं काय?

बिटकॉइनवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी खोटा ठरवणार नाही. रुपयाचा पुरवठा दरवर्षी वाढतो, बिटकॉइनला मर्यादा आहे. पैशाच्या पुरवठ्याला लगाम हवा, हे आपल्याकडे फार आधी एका मोठ्या माणसाने मांडलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला १९२३ साली प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, ते बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी आपल्या निपाणीला आले होते. त्या ग्रंथातला त्यांचा एक आग्रह मला इथं महत्त्वाचा वाटतो. रुपयात किती जिन्नस येतो, ते मोल स्थिर राहिलं पाहिजे. कारण भाव चढले की सगळ्यात आधी पगारावर जगणारा गरीब भरडला जातो. हीच कसोटी बिटकॉइनला लावून बघा. ज्याचं मोल एका वर्षात पाऊण भागानं घसरतं, त्यात मामांचा महिन्याचा पगार ठरवता आला असता काय?

आता मामांच्या चाळीस हजारांकडे येऊ. त्यांना ॲपवाल्यानं महिन्याला ठरावीक परतावा कबूल केला होता. हीच चाल महाराष्ट्रात आधी होऊन गेली आहे. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या. जगातल्या बिटकॉइनची एकूण किंमत कितीही मोठी असो, तुमचे पैसे ज्याच्या हातात आहेत तो माणूस कोण, याचं उत्तर त्या आकड्यात मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा आहे. टपरीवरच्या ओळखीला कसला विमा?

म्हणून पुढे कधी 'अमक्याची किंमत तमक्या देशाच्या पैशापेक्षा जास्त' असं वाचलंत, तर तीन गोष्टी विचारा. शेजारी कोणता आकडा ठेवलाय, नुसत्या नोटांचा की ठेवींसकट? गुणाकार कोणत्या भावाने केलाय? आणि सगळे विकायला निघाले तर तेवढे पैसे देणार कोण?

मामांच्या ॲपवर आजही ६१ हजार दिसतात. काढायला गेलं की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच येतं. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बाकीची ग्रॅच्युइटी बँकेत आहे, तेवढं एक बरं झालं. मामा माझ्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू स्टेजवर बोलायलास, लोक टाळ्या वाजवायलेत, म्हणून मला वाटलं पक्कंच असणार."

त्या भाषणाला मला दुसरा क्रमांक मिळाला होता. व्हिडिओ मी ग्रुपवरून काढून टाकलाय, त्या जागी हा लेख टाकणार आहे.