पोटातला गॅस आणि आपलं रोजचं खाणंपिणं

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी नेहमी बेणं, लागण, खत नि पाणी यांबद्दल लिहितो. आज पोटाबद्दल लिहितो आहे. गट ऑफिसात नोंदीला आलेले पुष्कळ सभासद पोटावरून हात फिरवत म्हणतात, "साहेब, गॅसनं हैराण केलंय बघा."

मध्यंतरी धाकट्या भावाकडे डोंबिवलीला चार दिवस राहिलो. त्याचीही हीच तक्रार. त्याची नोकरी ठाण्याला. सकाळी उपाशीपोटी चहा, मग लोकलची गर्दी. दुपारी दहा मिनिटांत डबा संपवायचा. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव नि वर थंड पेयाची बाटली. रात्री साडेदहाला मटकीची उसळ खाऊन लगेच आडवं व्हायचं. मग पोटाचा नगारा न झाला तरच नवल!

गॅस येतो कुठून? डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा हौदात बुडबुडे येतात, तसाच हा प्रकार. कडधान्यांतल्या काही साखरी लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात नि वायू तयार होतो. वडा बेसनाचा, म्हणजे हरभऱ्याचाच. घाईनं खाताना हवाही गिळली जाते. बाटलीतल्या पेयात तर वायू भरलेलाच असतो. खारट फरसाण, पापड, लोणचं यांनी अंगात पाणी साठून जडपणा वाढतो.

ओला लसूणघास भरपेट खाऊन बैल फुगला, तर आपण आधी त्याच्या चाऱ्याकडे बघतो. स्वतःचं पोट फुगलं की मात्र सोड्याची बाटली फोडतो.

भावाला मी आपल्या प्लॉटचीच रीत सांगितली. एका सरीत सगळी खतं एकदम टाकली तर कोणतं लागू पडलं ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, आठ दिवस, आणि वहीत टिपण. आधी थंड पेय बंद करून ताक सुरू केलं. पुढच्या आठवड्यात भावजयीनं मटकी रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, मोड आणून हिंग-ओवा घालून मऊ शिजवली आणि रात्रीऐवजी दुपारच्या डब्यात दिली. तिसऱ्या आठवड्यात जेवण लवकर नि वर शतपावली. महिन्यानं फोन आला, "दादा, पट्टा एक भोक आत गेला!" वडापाव आता फक्त शनिवारी. चहा सोडून पाहिला, पण त्यानं काही फरक पडला नाही, म्हणून तो चालूच आहे.

प्रत्येकाची वही वेगळी निघेल. कुणाला दूध बाधतं, पण दही-ताक चालतं. कुणाला कांदा-लसूण, तर कुणाला गहू जड जातो. बद्धकोष्ठ असेल तर पाणी वाढवा, भाजी-फळं हळूहळू वाढवा. एकदम वाढवली तर उलट जास्त फुगतं. कडधान्यं मात्र सोडू नका. आपल्या ताटातलं ते मोठं प्रथिन आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्या गटातले एक सभासद कल्याणला मुलाकडे गेले होते. स्टेशनचा पूल चढताना छातीवर दाब आला, घाम फुटला. "गॅस असंल" म्हणून ते सोडा पिऊन बसून राहिले. शेजारच्या बाईंनी हट्टानं दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका निघाला. वेळेवर पोचले म्हणून आज ते बांधावर फिरताहेत.

तेव्हा छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, यांपैकी काही झालं तर सोडा-ओवा करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. वजन घटणं, शौचातून रक्त, सारख्या उलट्या, किंवा आठवड्यामागून आठवडे न उतरणारी फुगी असेल तरी डॉक्टरांना दाखवा. चाळिशीपुढच्या भगिनींनी तर ही फुगी अंगावर काढूच नये.

उसाच्या नोंदीसाठी आपण वही ठेवतोच. तिची मागची चार पानं पोटासाठी राखा.

आपला,
ऊस विकास अधिकारी