नाल्यापलीकडचे ‘हिंदू पेट्रियट’

कोलकात्याच्या खिदिरपूर भागात एका रस्त्याचे नाव कवितीर्थ सरणी असे आहे. मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल बंद्योपाध्याय आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय हे तिघे कवी या वस्तीत राहिले, त्यांची ही आठवण. मधुसूदनांचे वडील सदर दिवाणी अदालतीतले नामांकित वकील. खिदिरपूरच्या घरात मधुसूदन लाडाकोडात वाढले, हिंदू कॉलेजात शिकले. खिदिरपूर आणि अलीपूर एका अंगाला, भवानीपूर दुसऱ्या अंगाला आणि मधून टॉलीचा नाला, अशी इथली रचना आहे. हा नाला म्हणजे गंगेचा जुना प्रवाह. अठराव्या शतकात मेजर टॉलीने गाळ उपसून तो होड्यांच्या वाहतुकीजोगा केला.

या नाल्यापलीकडे, भवानीपुरात, मधुसूदनांच्याच वयाचा म्हणजे १८२४ साली जन्मलेला हरिश्चंद्र मुखर्जी आजोळच्या आधाराने वाढत होता. घरात दारिद्र्य इतके की पंधरावे वर्ष लागण्याच्या सुमारास शाळा सुटली. लिलाव करणाऱ्या एका कंपनीत त्याने कारकुनी केली, लोकांचे अर्ज लिहून दिले. पुढे लष्करी हिशेबतपासनिसाच्या कचेरीत तो २५ रुपयांवर लागला आणि कामाच्या जोरावर ४०० रुपयांपर्यंत चढला. इंग्रजी भाषा, कायदा, राज्यकारभार हे सारे तो सार्वजनिक ग्रंथालयात बसून शिकला. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालचे सर्वात निर्भीड इंग्रजी साप्ताहिक घडवले ते या कारकुनाने.

६ जानेवारी हा दिवस मराठी वाचकाला ठाऊक आहे. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. बरोबर एकवीस वर्षांनी, ६ जानेवारी १८५३ रोजी, कोलकात्यात ‘हिंदू पेट्रियट’चा पहिला अंक निघाला. भांडवल मधुसूदन राय नावाच्या बडाबाजारातल्या सावकाराचे होते. खिदिरपूरच्या मधुसूदनांशी त्यांचे फक्त नावाचे साम्य. लिहिणारे होते गिरीशचंद्र घोष आणि त्यांचे भाऊ. पत्र तोट्यात चालू लागले तसा सावकाराचा उत्साह ओसरला आणि सुरुवातीपासून लिहिणाऱ्या हरिश्चंद्रांनी ते विकत घेतले. सरकारी नोकराला स्वतःच्या नावावर पत्र ठेवणे अडचणीचे, म्हणून मालक म्हणून थोरले बंधू हाराणचंद्र यांचे नाव लागले. छापखाना भवानीपुरात आला. दिवसा कचेरीत लष्कराचे हिशेब तपासायचे आणि रात्री त्याच सरकारचा हिशेब मांडायचा, असा हरिश्चंद्रांचा क्रम पडला. तोटा पगारातून भरून निघे.

गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थाने खालसा करण्याचा सपाटा लावला तेव्हा पेट्रियटने त्याला विरोध केला. १८५६ मध्ये अवध खालसा झाले. पदच्युत नवाब वाजिद अली शाह कोलकात्यात आले आणि खिदिरपूरच्या पुढे मटियाबुर्जला त्यांनी दरबार थाटला. अवधचा अन्याय असा शहराच्या वेशीवर येऊन राहिला. पुढच्याच वर्षी उठाव झाला. नवाबांना फोर्ट विल्यममध्ये डांबले गेले, छापखान्यांवर परवान्याचे बंधन आले. कोलकात्यातली गोऱ्यांची वृत्तपत्रे सरसकट सूड मागत होती. अशा वेळी हरिश्चंद्रांनी दोन गोष्टी लिहिल्या: हा केवळ काडतुसांवरून पेटलेला शिपायांचा दंगा नव्हे, यामागे राज्यकारभाराविषयीचा खोल असंतोष आहे, आणि नवे गव्हर्नर जनरल कॅनिंग दाखवत असलेला संयम योग्य आहे. पहिले विधान सरकारला झोंबणारे होते, दुसरे सरकारच्या उपयोगाचे. पेट्रियटचा अंक निघताच तो आणायला कॅनिंगचा माणूस छापखान्यात येऊन उभा राही, असे सांगतात. सरकारवर टीका करणारे पत्र सरकारला वाचावे लागते, हे त्या काळात नवे होते.

पण पेट्रियटचे खरे मोठेपण निळीच्या प्रकरणात दिसले. नदिया, जेसोर या जिल्ह्यांत गोऱ्या मळेवाल्यांच्या कोठ्या होत्या. रयतेला बिघ्यामागे दोन रुपयांच्या आसपास उचल द्यायची, करार लिहून घ्यायचा आणि भाताच्या उत्तम जमिनीत नीळ पेरायला लावायची. पिकाला मिळणाऱ्या दरात ती उचल कधी फिटत नसे. ती बापाकडून मुलाकडे जाई. नकार देणाऱ्याला कोठीत कोंडत, गुरे हाकून नेत, अंगावर लठैत घालत. १८५९ मध्ये रयतेने नीळ पेरायला साफ नकार दिला. नदियातल्या चौगाछा गावचे दिगंबर आणि विष्णुचरण विश्वास हे पूर्वी कोठीतच नोकरी केलेले, तेच पुढे झाले.

हरिश्चंद्रांनी या जिल्ह्यांत बातमीदार नेमले. त्या काळच्या साप्ताहिकाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती, कारण शहरातली पत्रे बहुधा सरकारी कागद आणि एकमेकांचे अंक यांवर भागवत. जेसोरहून लिहिणाऱ्यांत एक होता शिशिरकुमार घोष, जेमतेम विशीचा तरुण. कोणत्या गावात कोणाला धरून नेले, कोणत्या मॅजिस्ट्रेटने काय हुकूम दिला, हे नावानिशी छापले जाऊ लागले. मग रयतच भवानीपूरला येऊ लागली. हरिश्चंद्र त्यांना जेवू घालत आणि अर्ज लिहून देत. पूर्वी पोटासाठी केलेला उद्योग आता फुकट चालला. १८६० मध्ये सीटन-कार यांच्या अध्यक्षतेखाली नीळ आयोग बसला, त्यापुढे हरिश्चंद्रांनी साक्ष दिली. करार रयतेच्या खुशीचा असला पाहिजे, हे सरकारला अखेर जाहीर करावे लागले.

याची किंमत त्यांनी देहाने मोजली. रात्रीची जागरणे, दारू आणि क्षयाने पोखरलेली छाती यांनी त्यांचा जून १८६१ मध्ये सदतिसाव्या वर्षी अंत केला. आर्चिबाल्ड हिल्स या मळेवाल्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला होता, तो मृत्यूनंतर त्यांच्या विधवेच्या मागे लागला. पुढच्याच महिन्यात दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह या तरुण जमीनदाराने तिथल्या तिथे भरला. अनुवाद मधुसूदनांनी केला असे बंकिमचंद्रांनी नंतर लिहिले, अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. एकवीस वर्षांनी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले तेही अब्रूनुकसानीच्याच कलमाखाली. राजद्रोहाच्या कलमाचा धाक येण्याआधी पत्रकाराला गाठायचे हेच शस्त्र होते.

पेट्रियटही कालीप्रसन्नांनीच विकत घेतले, ५,००० रुपयांना. १८६२ मध्ये विलायतेला जाण्याआधी मधुसूदनांनी काही काळ ते संपादले. मद्रासेत वृत्तपत्रांत उमेदवारी केलेली असल्याने काम नवखे नव्हते, पण त्यांचे मन तिथे रमणारे नव्हते. नंतर विद्यासागरांच्या मध्यस्थीने पत्र कृष्णदास पालांच्या हाती आले आणि त्याची मालकी ब्रिटिश इंडियन असोसिएशनशी जोडलेल्या विश्वस्तांकडे गेली.

ही असोसिएशन जमीनदारांची होती. कृष्णदास पाल गरीब घरातून आलेले, अत्यंत हुशार आणि नेमस्त. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी पत्र नेटाने चालवले. गोऱ्यांवरचे खटले भारतीय न्यायाधीशांपुढे चालवू देणाऱ्या इलबर्ट विधेयकाची आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांची बाजू त्यांनी घेतली, म्हणून त्यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण कुळांना हक्क देणाऱ्या बंगालच्या कूळकायद्याची तयारी सुरू झाली, तेव्हा हेच पेट्रियट जमीनदारांच्या बाजूने उभे राहिले. मला हे केवळ माणूस बदलल्याचे फळ वाटत नाही. निळीच्या लढ्यात अनेक जमीनदारांचेही मळेवाल्यांशी वैर होते, म्हणून त्यांचे आणि रयतेचे हित तेव्हा एका बाजूला पडले. समोरचा शत्रू गोरा मळेवाला न राहता गावचा जमीनदार झाला, तेव्हा कोणाच्या पैशावर पत्र चालते हा प्रश्न उघडा पडला. हरिश्चंद्रांच्या काळी तो पैसा एका कारकुनाच्या पगाराचा होता. असे पत्र त्या माणसाबरोबर बुडायचे. विश्वस्तांमुळे ते टिकले, पण टिकताना कोणाचे ऐकायचे हे बदलले. आपल्याकडेही जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले भाग छापून ‘दीनबंधु’ने पुढचे थांबवले, आणि दीनबंधु तर सत्यशोधकांचेच पत्र होते.

पाल १८८४ मध्ये वारले. १८९२ मध्ये पेट्रियट दैनिक झाले. खिदिरपूरची गोदीही त्याच वर्षी सुरू झाली. तोवर खेड्यातली तक्रार घेऊन कोणी भवानीपूरला येईनासे होऊन बराच काळ लोटला होता. जेसोरचा बातमीदार शिशिरकुमार याने १८६८ मध्येच भावांना घेऊन आपल्या गावात एक जुना लाकडी छापखाना मांडला आणि बंगाली साप्ताहिक काढले. गावाला आईचे नाव दिले होते, तेच पत्राला दिले: ‘अमृत बाजार पत्रिका’. वर्ष उलटण्याआधीच त्याच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला गेला.