टोमॅटो सॉसचा दाटपणा कोठे जातो?

खानदेशात शेवभाजीच्या रश्श्यावर लाल तर्री तरंगत नसेल, तर जेवणाऱ्याचे समाधान होत नाही. उपाहारगृहातील पास्त्याच्या टोमॅटो सॉसचे मात्र नेमके उलट असते. त्यात तेल असते, पण ते वर दिसत नाही. पाणी असते, पण ते ताटलीत वेगळे पडत नाही. घरी केलेला सॉस बहुधा पातळ होतो आणि मग त्यात मैदा कालवला जातो. वास्तविक दाटपणा टोमॅटोतच असतो. तो कोठे जातो, ते पाहू.

पिकलेल्या टोमॅटोत शेकडा सुमारे ९५ भाग पाणी असते. म्हणजे १ किलोग्रॅम टोमॅटोत घन पदार्थ अवघे ५० ग्रॅम! सॉस निम्म्यावर आटवायचा, तर ५०० ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते. १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते; म्हणून ५०० × ५४० = २,७०,००० कॅलरी. तेच टोमॅटो ३० अंशांपासून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास साधारण ७०,००० कॅलरी पुरतात. इंधन खर्ची पडते ते मुख्यतः आटविण्यात. म्हणून गर जास्त व रस कमी असलेले टोमॅटो निवडावेत, पातेले पसरट घ्यावे आणि त्यावर झाकण ठेवू नये. झाकणावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते सॉसमध्येच पडते.

पण केवळ आटविणे पुरेसे नाही. टोमॅटोच्या पेशीभित्तिकांत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या पाण्याला सहज वाहू देत नाहीत. यालाच आपण दाटपणा म्हणतो. मात्र टोमॅटोतच या साखळ्या तोडणारी विकरेही असतात. कच्चा टोमॅटो वाटला की पेशी फुटतात आणि विकरांना मोकळे रान मिळते. काही मिनिटांतच रस पातळ होऊ लागतो. सुमारे ९० अंशांच्या पुढे ही विकरे निकामी होतात. तेव्हा टोमॅटो वाटून ठेवू नयेत. चिरताच तापलेल्या पातेल्यात टाकावेत आणि शिजल्यावर गाळावेत. कारखान्यांत हीच युक्ती ‘हॉट ब्रेक’ या नावाने वापरतात.

आता तेलाकडे वळू. पास्ता उकडलेल्या पाण्यात पिठातला स्टार्च उतरतो. हे पाणी दोन-तीन चमचे घालून सॉस जोराने ढवळला, की तेलाचे बारीक थेंब होतात आणि स्टार्चमुळे ते लवकर एकत्र येत नाहीत. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूध हेही पायसच. टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, तेलात विरघळतो. म्हणून सॉसला सर्वत्र सारखी लाली येते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. लसूण आणि तेल घातलेला सॉस बाटलीत भरून फडताळात ठेवू नये. आम्लता कमी, म्हणजे सामू ४.६ पेक्षा जास्त असेल आणि हवा नसेल, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत आणि त्याचे विष प्राणघातक असते. टोमॅटोचा सामू या सीमेच्या जवळपासच असतो. सॉस शीतकपाटात ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

विद्यार्थी मित्रांनो, पेक्टिनची गोष्ट तुम्हांला स्वतः पडताळता येईल. एकाच प्रकारच्या टोमॅटोचे २५० ग्रॅमचे दोन वाटे करा. एक वाटा कच्चाच वाटून अर्धा तास ठेवा, मग शिजवा. दुसरा चिरताच शिजवा. दोन्ही गाळून १५० ग्रॅम होईपर्यंत आटवा आणि निवू द्या. आता एक थाळी तिरकी ठेवून प्रत्येकी एक चमचा सॉस वरच्या कडेला सोडा आणि खालच्या कडेपर्यंत येण्यास लागणारे सेकंद मोजा. दोन्हींत पाणी सारखेच उडाले आहे. मग वेळेत फरक का पडला, हे वर्गात सांगा.