दुधाविना दाट कॉफी : घरची रीत आणि गाड्याचा हिशेब

"दूध नको, पण कॉफी दाट हवी," असे म्हणणारे गिऱ्हाईक आता केवळ मोठ्या शहरांतील महागड्या कॉफी हाउसात राहिलेले नाही. कुणाला दूध पचत नाही, कुणाला डॉक्टरांनी बंद केलेले असते, कुणी प्राणिजन्य काहीच घ्यायचे नाही असे ठरविलेले असते. असा माणूस साध्या चहा-कॉफीच्या दुकानातही येतो आणि आमच्या बहुतेक चहावाल्या बांधवांकडे त्याच्यासाठी दोनच उत्तरे असतात. एक, काळी कॉफी घ्या. दुसरे, डब्यातील पांढरी पावडर ढवळून द्यायची आणि "यात दूध नाही" असे सांगायचे. पहिल्या उत्तराने गिऱ्हाईक जाते. दुसऱ्या उत्तराने एखाद्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे. ज्या भगिनी घरून खाद्यपदार्थांचा लहान धंदा करतात त्यांनाही तो उपयोगी पडावा.

खरे तर दुधाविना कॉफी ही काही नवी चाल नव्हे. कॉफी प्यायला सुरुवात केली ती यमनच्या सूफींनी, रात्रीच्या जिक्रसाठी जागता यावे म्हणून, आणि त्यांच्या कॉफीत दूध नव्हते. अरबांचा वेलदोडा घातलेला कहवा आजही दुधाशिवायच असतो. यमनमध्ये कॉफीच्या वाळलेल्या सालीचा सुंठ घालून 'किश्र' करतात, त्यातही दूध नाही. आपल्या देशात कॉफी आली ती बाबा बुडन यांच्यामुळे, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. दूध घालून कॉफी पिण्याची सवय मागाहूनची. पण आता जिभेला ती सवय लागलेली आहे आणि ग्राहकाला दाटपणा हवा आहे, हे धरूनच चालले पाहिजे.

पांढऱ्या पावडरीत काय असते?

बाजारात 'नॉन-डेअरी क्रीमर' नावाने जी पावडर मिळते तिच्या पाकिटाची मागची बाजू एकदा सावकाश वाचावी. साधारणपणे ग्लुकोजचे घन, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, आम्लता सांभाळणारे फॉस्फेट, पायसीकारक, आणि पुष्कळदा 'सोडियम केसिनेट' आढळते. हे केसिनेट दुधापासूनच काढतात. ते दुधातील प्रथिन आहे. म्हणजे नाव 'नॉन-डेअरी', आणि आत दुधाचा अंश.

ज्याला दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही त्याला एवढ्या केसिनेटने सहसा त्रास होत नाही. पण दुधाची अ‍ॅलर्जी ही गोष्ट वेगळी. तिच्यात शरीराचे वैर दुधाच्या प्रथिनाशीच असते. अंगावर गांधी उठणे, घसा सुजणे, दम लागणे, आणि वेळीच इलाज झाला नाही तर मृत्यूही ओढवू शकतो. दुकानदाराला हे दोन ग्राहक चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. दोघेही एवढेच म्हणतात, "दूध नको."

येथे एक मोठा गैरसमज आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून काही बांधव "हे दुधाविना आहे" असे समजतात. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी. आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच धरले आहे, म्हणून हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात केसिनेट खुशाल असू शकते. पाहायचे ते घटकांच्या यादीत आणि तिच्याजवळच्या अ‍ॅलर्जीच्या सूचनेत. दूध, सोयाबीन, शेंगदाणे, काजू-बदाम यांसारखे घटक असल्यास तसे जाहीर करणे २०२० च्या लेबलविषयक नियमांनी बंधनकारक आहे. प्राणिजन्य काहीही नसलेल्या पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम झाले असून त्यांचे चिन्हही वेगळे आहे.

हिरवा ठिपका आपल्याला एका बाबतीत मात्र उपयोगी पडतो. पायसीकारक '४७१' हा वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि जनावराच्या चरबीपासूनही. हिरवा ठिपका असेल तर चरबीचा प्रश्न मिटतो. आखातातून येणारे नातेवाईक जी पाकिटे आणतात त्यांवर हा ठिपका नसतो. तेथे हलालचे प्रमाण पाहावे, नुसत्या परदेशी डब्याच्या देखणेपणावर जाऊ नये. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून दिल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वरून कोरडे आणि आतून ओले, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे दुकानदारालाही पुष्कळदा आतली ओल ठाऊक नसते.

दाटपणा येतो कुठून?

दुधात स्निग्धांशाचे अतिशय बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रथिने त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतात. जिभेला जो मऊपणा जाणवतो तो यामुळेच. म्हणून दुधाच्या जागी जे घालायचे त्यात तेल हवे, ते बारीक वाटले जायला हवे, आणि त्याला धरून ठेवणारे काहीतरी हवे. ही तिन्ही कामे घरच्या मिक्सरवर सर्वांत चांगली करतो तो काजू. शंभर ग्रॅम काजूत सुमारे ४५ ग्रॅम स्निग्धांश असतो, शिवाय प्रथिने आणि थोडा स्टार्च. अख्खा पांढरा काजू घेण्याचे काहीच कारण नाही. वाटायचेच आहे, तेव्हा तुकडा काजू घ्यावा. मात्र खवट वास येत असेल तर तो स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा, कॉफीत तो वास लपत नाही.

रीत अशी. १०० ग्रॅम काजू चार तास पाण्यात भिजवावेत. घाई असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा तास. ते पाणी फेकून द्यावे. प्रथम फक्त १०० मिलिलिटर ताजे पाणी घालून दोन-तीन मिनिटे वाटावे, बोटांत चोळल्यावर कण लागता कामा नये. मग आणखी ३०० मिलिलिटर पाणी घालून पुन्हा फिरवावे. सारे पाणी पहिल्यानेच ओतले तर काजू पात्यापासून पळतो आणि रवाळ राहतो, ही चूक फार घरांत होते. चांगले वाटले तर गाळण्याची गरज नसते. तरी गिऱ्हाईकाला द्यायचे असेल तर मलमलच्या फडक्यातून काढावे. साधारण अर्धा लिटर रस होतो. गोडीसाठी बिया काढलेले खजूर, कपामागे दोन, काजूबरोबरच भिजवून वाटले तर साखर लागत नाही आणि दाटपणाही वाढतो.

आम्ही याला मुद्दाम 'रस' म्हणतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली वनस्पतिजन्य पेयांच्या लेबलांवर 'दूध' हा शब्द वापरण्यास हरकत घेतली. तो वाद न्यायालयातही गेला. पाटीवर 'काजूची कॉफी, दुधाविना' असे लिहिले की कुणाची फसगत नाही आणि वादही नाही.

फाटते का, आणि उपाय काय

सर्वांची तक्रार एकच: कॉफी ओतली आणि सारे फाटले. कॉफी आंबट असते. आम्लता आणि उष्णता एकत्र आली की वनस्पतीची प्रथिने गोळा होतात, लिंबू पिळल्यावर दूध नासते तसेच. सोयाबीनच्या रसात हे सर्वांत लवकर होते, काजूत कमी. उपाय अवघड नाहीत. हलक्या भाजणीची कॉफी जास्त आंबट असते, तेव्हा गडद भाजणीची घ्यावी. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी या कामाला उत्तम. डिकॉक्शन उकळते असताना वापरू नये, मिनिट-दोन मिनिटे थांबावे. काजूचा रस वेगळा मंद आचेवर गरम करावा आणि कडेला बारीक बुडबुडे दिसताच उतरवावा. त्याला उकळी आणली तर आतला स्टार्च फुगून खिरीसारखे होते. मग कपात आधी रस आणि त्यावर बारीक धारेने, ढवळत, डिकॉक्शन ओतावे. उलट केले तर पहिला थेंब रस साऱ्या आंबटपणात पडतो आणि तेथेच फाटण्यास सुरुवात होते. एवढे करूनही फाटत असेल तर अर्ध्या लिटर रसात अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, हे मात्र लक्षात असावे.

दीडशे मिलिलिटरच्या कपाला १०० मिलिलिटर रस आणि ५० मिलिलिटर घट्ट डिकॉक्शन हे प्रमाण चांगले बसते.

कोकणातील वाचक म्हणतील की आमच्याकडे सांदणाला नारळाचे दूध काढतातच, तेच कॉफीत का घालू नये? जरूर घालावे, पण गार कॉफीत. नारळाच्या दुधात तेल भरपूर असले तरी धरून ठेवणारे प्रथिन कमी, म्हणून गरम कॉफीवर तेलाचे डोळे तरंगतात आणि उकळी आली तर दूध दुभंगते. गरम कॉफीतही नारळाची चव हवी असेल तर अर्ध्या नारळाचे पहिले जाड दूध काढून त्यात ५० ग्रॅम भिजवलेले काजू वाटावेत. काजू तेलाला धरून ठेवतो. आमच्या मते चवीला हाच मेळ सर्वांत सरस.

ओट्सचा बोलबाला हल्ली फार आहे. ५० ग्रॅम ओट्स, अर्धा लिटर बर्फाचे पाणी, मिक्सरवर तीस सेकंद, आणि फडके न पिळता गाळणे. आधी भिजविले, जास्त फिरविले किंवा पिळले तर चिकट होते. तापवले तर भाताच्या पेजेसारखे घट्ट होते, म्हणून घरचे ओट्स गार कॉफीलाच. कारखान्याचे ओट्सचे पेय गरम कॉफीत चालते, कारण तेथे एन्झाइम घालून स्टार्च तोडलेला असतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील शास्त्रज्ञ रिकार्ड ओस्ते यांनी ही पद्धत १९९० च्या दशकात पुढे आणली. घरच्या मिक्सरकडून ती अपेक्षा करू नये. सोयाबीन स्वस्त खरे, पण त्याचा रस चांगला उकळल्याशिवाय पोटाला बाधतो, कच्चट वासही जाता जात नाही. कॉफीसाठी आम्ही त्याची शिफारस करीत नाही.

फेसाची कॉफी

रमजानच्या रात्री तरावीहनंतर भेंडीबाजारात किंवा नागपूरच्या मोमिनपुऱ्यात जी गर्दी उसळते, तिच्यासाठी गार आणि देखणी वस्तू हवी. फेटलेली कॉफी आपल्याकडे लग्नाघरांत जुनीच. २०२० मध्ये टाळेबंदीत तिला 'डालगोना' हे कोरियन नाव मिळाले आणि ती जगभर गाजली. झटपट कॉफी, साखर आणि गरम पाणी समभाग, प्रत्येकी दोन चमचे, हाताने आठ-दहा मिनिटे किंवा यंत्राने दोन-तीन मिनिटे फेटावे. रंग बदामी होऊन फेस चमच्यावर उभा राहतो. यात दुधाचा थेंबही लागत नाही, मलईचा भास मात्र पुरेपूर. साखर फार कमी केली तर फेस बसतो, आणि फिल्टरच्या डिकॉक्शनचा असा फेस होत नाही. पेल्यात बर्फ, त्यावर ओट्सचा किंवा नारळ-काजूचा गार रस, वर दोन चमचे फेस.

हिशेब

अर्ध्या लिटर रसात पाच कप होतात, म्हणजे कपामागे २० ग्रॅम काजू. तेव्हा तुकडा काजूच्या किलोच्या भावाला ५० ने भागा, कपाचा खर्च निघतो. समजा भाव ७०० रुपये असेल तर १४ रुपये. दूध लिटरला ६० रुपये धरले तर १०० मिलिलिटरला ६ रुपये. कपामागे आठ रुपयांचा फरक आहे आणि तो दरपत्रकात उघड लावावा. जो काजू वाचविण्यासाठी गुपचूप अर्धे दूध मिसळतो, तो आठ रुपये कमावत नाही, दुसऱ्याच्या आजाराची जबाबदारी घेतो. खर्च खाली आणायचा असेल तर काजू निम्मा करून गार कॉफीत ओट्सचा रस मिसळावा आणि पाटीवर दोन्हींची नावे लिहावीत.

रस शीतकपाटात दोन दिवस, त्याहून अधिक नाही. उन्हाळ्यात गाड्यावर बाहेर राहिला तर दोन तासांत संपवावा, उरलेला फेकावा. त्यात टिकविण्याचे औषध नाही आणि तो दुधाइतकाच लवकर नासतो. सकाळी थोडा आणि दुपारी थोडा, असा दोनदा वाटलेला बरा. घरून विकणाऱ्या भगिनींनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी, लहान धंद्यालाही ती लागते.

शेवटी भांड्यांविषयी. दुधाच्या पातेल्यातून ओघळलेल्या पळीनेच काजूचा रस ढवळला तर वरची सारी मेहनत वाया गेली. या कॉफीसाठी पातेले, गाळणे, पळी आणि फेटणी वेगळी ठेवावी, आणि ओळखू यावी म्हणून दांड्याला रंगीत दोरा बांधावा. काजू, शेंगदाणे आणि नारळ यांचीही अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात, म्हणून कप हातात देण्यापूर्वी विचारावे: "यात काजू आहे, चालेल ना?"