तानपुरा कुठे गेला?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली. मोबाइलमधलं गाणं घरच्या जुन्या स्टिरिओवर लावलं की आवाज पातळ वाटतो, दोष कोणाचा? प्रश्न आमच्याही घरातला आहे, म्हणून आज तोच घेतो.

पातळ म्हणजे काय झालं, ते आधी पाहू. सीडीसाठी आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. दोन्ही चॅनेल धरून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाआड दडलेलं बारीक कानाला कळणार नाही, या हिशेबाने बाकीचं सोडून दिलेलं असतं. तबल्यात ते आम्हाला फारसं जाणवत नाही. तानपुऱ्याच्या जवारीत मात्र जाणवतं. फ्लॅक फाइलही आकाराने निम्म्याच्या आसपास येते, पण ती नुसती कपड्याची घडी आहे; उलगडली की सगळं जसंच्या तसं.

आता गंमत बघा. फाइल फ्लॅक आहे, पण ब्लूटूथने पाठवलीत, तर मोबाइल ती वाटेत पुन्हा दाबतो. म्हणून तार बरी. मोबाइलला यूएसबी डॅक लावायचा, म्हणजे आकड्यांची विजेची लहर करणारी डबी. तिची लाल-पांढरी पिन अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये घालायची. ‘फोनो’त नको हं! तिथे रेकॉर्डच्या सुईचा दुबळा संकेत मोठा करायची आणि खर्ज वाढवायची सोय असते, त्यामुळे आवाज फाटतो. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त अँप्लिफायरवरच करावं.

२४ बिटांच्या महाग फाइली घ्याव्यात का? १६ बिटांतच सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मिळतो. आमच्या माजिवड्यात रात्री अकरालाही घोडबंदर रोडचे ट्रक ऐकू येतात. आधी खिडकी लावा.

आम्ही स्वतः काय केलं, तेही सांगतो. थोरल्या बहिणीच्या गाण्याच्या चार कॅसेटी होत्या. संगणकावर जागा वाचवायची म्हणून आम्ही त्या ६४ च्या एमपीथ्रीत उतरवल्या आणि घर बदलताना कॅसेटी टाकून दिल्या. ती गेल्यावर चांगला डॅक आणला, त्या फाइलींचं फ्लॅक केलं. फाइल फुगली, तानपुरा काही परत आला नाही. एकदा न लिहिलेलं पुढचं कोणतंही यंत्र वाचू शकत नाही. मागे तानपुऱ्यावर आम्हीच बसलो होतो.

तेव्हा घरात कॅसेटी असतील तर डेकचं हेड स्पिरिटने पुसा, लाइन-आउटमधून थेट वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा. इथे मात्र २४ बिट घ्या, पातळी कमी राहिली तरी सावरता येते. मोबाइलसाठी एमपीथ्री त्यातून हवी तेव्हा काढता येईल. आणि कॅसेट टाकू नका.